प्रूफकाकांच्या घरातला घोडेस्वार

प्रूफकाका सकाळी पाव आणायला निघाले तेव्हा एक सुखी गृहस्थ होते. परत आले तेव्हा हातात पाव होता, सुख नव्हतं.

पाववाल्याच्या दुकानाला लागूनच गल्लीतलं वाचनालय आहे आणि वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. या फळ्याची एक रीत आहे. पुस्तक परत करताना वाचकाने ग्रंथपालबाईंसमोर उभं राहून आपलं मत तोंडी सांगायचं. बाई आधी शेवटच्या प्रकरणावर एक प्रश्न विचारतात, कारण पुस्तक न वाचता मत देणाऱ्यांना जगात तोटा नाही. उत्तर बरोबर आलं की बाई ते मत आपल्या गोल गरगरीत अक्षरात फळ्यावर लिहितात आणि गल्ली त्या वाचकाला ज्या नावाने ओळखते ते नाव खाली घालतात. त्या सकाळी फळ्यावर होतं:

‘नदीपलीकडचं कुरण. यातला नायक कमी बोलतो, समोरच्याचं ऐकतो आणि ऐकलेलं लक्षात ठेवतो. असा माणूस मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. – प्रूफकाकांच्या सौ.’

काकांनी सवयीप्रमाणे ते आधी शुद्धलेखनासाठी वाचलं. चूक नव्हती. मग अर्थासाठी वाचलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मागे पावासाठी रांग होती. रांगेतला प्रत्येक जण फळा वाचायचा आणि मग काकांकडे बघायचा. पाववाला तर आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "काका, आज तुम्हाला जरा मऊ बघून देतो."

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे लेखक लिहितो, जुळारी खिळे जुळवतो आणि दोघांनी मिळून केलेले घोटाळे काका निस्तरतात. या धंद्यातलं त्यांचं एक सूत्र होतं, आणि ते येताजाता नव्या माणसांना ऐकवत: "अर्थ शिरला की चुका सुटतात." मजकुरात काय चाललंय इकडे लक्ष द्यायचंच नाही. फक्त काना, मात्रा, वेलांटी. आजवर त्यांच्या नजरेखालून पुढाऱ्यांची चरित्रं गेली, कादंबऱ्या गेल्या, कुक्कुटपालनावरचा एक ग्रंथ गेला, पण कोंबडी कशी पाळतात हे त्यांना आजही ठाऊक नाही. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः तपासली होती. तीत एकही चूक नव्हती. फक्त लग्नाची वेळ त्यांच्या लक्षात राहिली नाही आणि ते उशिरा पोचले. काम फार साचलं की ते प्रुफं घरी आणत. रविवारी दुपारी काकू समोर बसून हस्तलिखित मोठ्याने वाचत, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि काका प्रुफावरून पेन्सिल फिरवत. याला ते ‘आमचं दोघांचं बसणं-बोलणं’ असं म्हणत.

पाव टेबलावर आपटून काकांनी विचारलं, "फळ्यावर काय लिहवून घेतलंस?"

"मत दिलं," काकू चहा गाळत म्हणाल्या. "पुस्तकाबद्दल."

"‘प्रत्यक्षात’ हा शब्द पुस्तकाबद्दल आहे?"

"चुकलाय का तो?"

"नाही."

"मग झालं तर," असं म्हणून काकूंनी कप पुढे केला.

खिडकीपाशी काकांच्या आई बसल्या होत्या. नजर अजून शाबूत, कान सोयीप्रमाणे. त्या म्हणाल्या, "अरे, तो माणूस आहेच तसा. मीही वाचलं ना. सकाळी उठतो, न सांगता कुंपण दुरुस्त करतो. तुझ्या वडिलांची फार आठवण झाली."

"बाबांनी कधी कुंपण दुरुस्त केलं?"

"नाही. पण तोही घरात टिकत नाही नि हेही टिकत नसत."

काकांना खुपलं ते निराळंच. आजवर या घरात काकूंच्या बोलण्यात ‘ते’ आले की ते म्हणजे काका. ‘ते जेवायचे आहेत’, ‘त्यांचा चष्मा सापडत नाहीये’. आता बोलण्यात ‘तो’ यायला लागला होता. ‘तो नदी पार करतो ना तेव्हा’, ‘तो टोपी काढतो ना तेव्हा’. आणि ‘तो’ म्हणताना काकूंचा आवाज किंचित खाली जायचा. ‘त्यांचा चष्मा’ म्हणताना तो कधी खाली गेला नव्हता. मत्सर हा मत्सरच, मग समोरचा माणूस हाडामांसाचा असो की शाईचा. उलट शाईचा फार वाईट, कारण त्याचं पोट सुटत नाही आणि तो घोरत नाही.

त्याच दिवशी काका वाचनालयात गेले.

"ते मत पुसून टाका," त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं.

"ज्याचं मत त्यानेच पुसायचं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही विरुद्ध मत द्या. फळा सगळ्यांचा आहे."

"देतो. लिहा. अत्यंत टाकाऊ पुस्तक."

"वाचलंत?"

इथे काका अडकले. पुस्तक न्यायला सभासदत्व हवं. सभासदत्व घराचं होतं, पण एका घराला एक पुस्तक एकदाच, आणि ‘नदीपलीकडचं कुरण’ या घरात येऊन गेलं होतं. मग काकांनी स्वतःचं वेगळं सभासदत्व घ्यावं असं ठरलं. त्यासाठी एक फोटो आणि एका जुन्या सभासदाची शिफारस लागते. गल्लीतले सगळे सभासद नेमके त्या दिवशी कामात होते, म्हणजे काकांना बघून कामाला लागत होते. शेवटी अर्ज काकूंकडेच आला. ‘अर्जदारास मी चांगली ओळखते’ अशी ओळ त्यात छापलेली होती. काकूंनी पेन उचललं, ओळ वाचली आणि जरा थांबल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," म्हणून त्यांनी सही केली. पण त्या थांबल्या होत्या, हे काकांनी पाहिलं होतं.

पुस्तक मिळालं. काकांनी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि एका बैठकीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी छाती काढून बाईंसमोर उभे राहिले.

"शेवटी ती विधवा नदीकाठी त्याला काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

काका म्हणाले, "ते डाव्या पानावर आहे. खालून चौथी ओळ."

"पण म्हणते काय?"

"अवतरण चिन्हात म्हणते," काका म्हणाले, आणि नापास झाले.

बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. शेजारी उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीने ‘थांब ना, घोडा मागे फिरव!’ असं उत्तर उभ्या उभ्या सांगून टाकलं. काकांचा त्या आठवड्यातला हा दुसरा अपमान.

आता अर्थासाठी वाचणं आलं. काकांना त्याची सवय नव्हती. पेन्सिल हातात नसली की हाताचं काय करायचं तेच त्यांना कळेना, म्हणून त्यांनी एक हात खिशात घातला. गोष्ट अशी होती: दीडशे वर्षांमागचा काळ, दूर पश्चिमेकडची कुरणं, गुरांचे कळप. नवरा वारलेली एक बाई एकटी गुरं सांभाळते. कुठून तरी एक घोडेस्वार येतो. त्याचं नाव कोणाला माहीत नाही, तोही सांगत नाही. एकदा ती सहज म्हणते की पवनचक्कीच्या करकरीमुळे तिला झोप लागत नाही. तो ‘हूं’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी चक्कीला तेल दिलेलं असतं. बस, एवढंच. यावर लेखकाने एक अख्खं प्रकरण घालवलंय आणि गल्लीतल्या बायकांनी अर्धा डझन रुमाल.

वाचताना अधूनमधून हे आपण कुठेतरी ऐकलंय असं काकांना वाटत होतं. पण प्रेमकथा सगळ्या सारख्याच, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पवनचक्कीपाशी मात्र ते बराच वेळ अडले. आपल्या बायकोने आपल्याला इतक्या वर्षांत सहज म्हणून काय काय सांगितलं असेल, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. एकही गोष्ट आठवेना. ‘साखर संपलीये’ आठवलं, पण ती सहज म्हटलेली नव्हती, ओरडून म्हटलेली होती. काकांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटायला लावलं म्हणून त्या घोडेस्वाराचा आणखी राग आला.

मग त्यांनी ठरवलं की कमी बोलणं काही अवघड नाही. शत्रूची विद्या शत्रूवरच उलटवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा टेकून, डोळे बारीक करून उभे राहिले.

"चहा घेताय ना?" काकूंनी विचारलं.

"हूं."

"पाव भाजू?"

"हूं."

"दात दुखतोय का हो?"

काकांनी घोडेस्वारासारखी नुसती मान फिरवली. काकूंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. "आई, यांचा दात दुखतोय. बोलताही येईना बघा." आई म्हणाल्या, "तरीच घरात शांतता आहे." आता नाही म्हणावं तर बोलणं भाग होतं, आणि कमी बोलण्याचं व्रत घेऊन पुरता एक तास झाला नव्हता. त्या अभिमानापायी प्रूफकाका बायकोचा हात धरून दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

दातांचे डॉक्टर हे वाचनालयाच्या वाचक समितीचे अध्यक्ष. त्यांना बोलायला आवडतं, आणि त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे धंदा त्यांना मानवला होता. काकांच्या तोंडात आरसा घालून ते म्हणाले, "ती कादंबरी म्हणजे शुद्ध थाप हो! माणूस तंबाखू चघळतो, महिनोन्‌महिने रानात राहतो, आणि हसला की दात कसे, तर चांदण्यासारखे. दीडशे वर्षांमागे? अशक्य!"

काकांचे डोळे चमकले. इथे एक मित्र होता. त्यांनी "आऽ" केलं.

"मोठा आऽ करा. पण ती करडी घोडी! ती मरते ना, काका, त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला. मला विचाराल तर माणसं जाऊ द्यात, घोडीसाठी ते पुस्तक वाचावं. फळ्यावर मी तसं लिहवून घेणार आहे. हा मागचा किडलाय, काढू या."

काकूंनी विचारलं होतं तेव्हा तो दात दुखत नव्हता. घरी जाताना मात्र दुखत होता. काकांना पुढचे दोन दिवस खरोखरच कमी बोलावं लागलं आणि त्यांना पेज भरवताना काकू म्हणाल्या, "तो गोळी लागल्यावरसुद्धा कण्हत नाही."

शिंप्याकडे काका गेले ते मतं गोळा करायला. विरुद्ध मतांची फळी उभारायची तर चार माणसं हवीत. शिंपी गल्लीतला सगळ्यात परखड माणूस. तो लग्नाच्या कपड्यांचं माप घेतानाही नवऱ्यामुलाला ‘विचार केलायस ना?’ असं विचारतो.

"फालतू!" शिंपी कात्री वाजवत म्हणाला. "तीन आठवडे एकच सदरा? काखेत टिकेल का हो? आणि ती बाई रात्रीतून झगा शिवते. रात्रीतून! चुण्या कोण घालणार, लेखक?"

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "आणि त्याचा तो लांब कोट?"

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "कोटाबद्दल बोलू नका, काका. तो कोट खरा आहे. घोड्यावर बसताना मागून उघडतो, पावसात गुडघे झाकतो. ज्याने लिहिलंय त्याने तो कोट हाताळलाय. कसा असेल हो तो?"

"मला काय माहीत? खांद्याला रुंद असेल," काका सहज म्हणाले, आणि घोडेस्वाराच्या भाषेत सांगायचं तर तिथेच घसरले. कारण शिंप्याने टेप काढून त्यांच्या खांद्याला लावला. काकांना वाटलं, नमुना दाखवतोय. शिंप्याला वाटलं, काकांना कोट हवाय. बायकोने फळ्यावर तसं लिहिल्यावर नवरा कोट शिवायला येणार हे तो धरूनच चालला होता, आणि गल्लीत त्याने सांगितलंही होतं.

अशा तऱ्हेने घराघरांत मतं हिंडत होती. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, ती विधवा मूर्ख आहे, तिने पोलीसपाटलाशी लग्न करायला हवं होतं, त्याला पगार आहे. पाववाल्याचं म्हणणं, इतकी माणसं इतके दिवस कुरणावर राहतात आणि पीठ कुठून येतं याचा एका शब्दाने उल्लेख नाही. काकांच्या आईंचं म्हणणं, गोष्ट छान आहे पण नायकाने दुसऱ्या प्रकरणातच जायला हवं होतं, म्हणजे बाईला निवांत राहता आलं असतं. काका ज्याला ज्याला विरोधक समजून गाठत, तो पाच मिनिटं पुस्तकाला शिव्या देई आणि सहाव्या मिनिटाला कुठल्या तरी पानाशी येऊन हळवा होई. निखळ द्वेष करणारा असा गल्लीत एकच वाचक होता, आणि त्याला पवनचक्कीचं प्रकरण तोंडपाठ होऊ लागलं होतं.

बाईंच्या परीक्षेत काका या खेपेला पास झाले. पण त्यांचं मत एवढं लांब होतं की ते फळ्यावर मावेना. मावत नसलेलं मत समितीकडे जातं. समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे डॉक्टरांना, आपली घोडी मांडायचीच होती, म्हणून त्यांनी रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत जाहीर चर्चा ठेवली. काकांना हवं होतं एक वाक्य पुसलेलं. मिळाली सभा.

सभेच्या दिवशी शिंपी कोट घेऊन दारात उभा राहिला. गडद तपकिरी, गुडघ्यापर्यंत, मागून उघडणारा. "पैशाचं नंतर बघू. आज घालाच," म्हणाला. काकांनी घालायचा नाही असं ठरवलं होतं. पण आरशात एकदा पाहिलं, खांदे खरंच रुंद दिसत होते, आणि माणूस दुबळा असतो. उकाडा मरणाचा होता. वाचनालयाच्या खोलीत काका शिरले तेव्हा सगळे वळून बघायला लागले.

"घोडा कुठे बांधलात?" पाववाल्याने विचारलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय हे काकांना दिसलं नाही, पण खांदे हलत होते. घाम कोटाच्या आतून वाहत होता. अशा वेळी मागे फिरता येत नाही. काकांनी पुस्तक उघडलं आणि आपल्याजवळचं शेवटचं शस्त्र काढलं.

"मतं बाजूला ठेवा," ते म्हणाले. "डॉक्टरांना घोडी आवडली, शिंप्याला कोट आवडला. मी तुम्हाला जे दाखवणार आहे त्याला मत लागत नाही. हे पुस्तक चुकांनी भरलेलं आहे! छापील चुका! आणि गंमत बघा, सबंध पुस्तक स्वच्छ आहे. काना इकडचा तिकडे नाही. पण एक प्रकरण! एकविसावं! त्या एकट्या प्रकरणात वेलांट्या उलट्या, मात्रा गायब, एक ओळ तर दोनदा छापलीये. ज्याने हे तपासलं तो तिथे काय झोपला होता? अशा माणसाला छापखान्यात नव्हे, पांजरपोळात ठेवायला हवं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आणणारं पुस्तक म्हणे! ज्या गाढवाने..."

"झोपला नव्हता," मागून काकू म्हणाल्या.

काका थांबले. "तुला काय माहीत?"

"मी समोर बसले होते."

काकांच्या आई पुढच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "मला वाटलं, याला माहीत आहे."

"हे पुस्तक तुम्हीच तपासलंय," काकू उठून उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोलत नाहीत, त्यामुळे आवाज सुरुवातीला जरा लहान होता. "गठ्ठ्यागठ्ठ्याने यायचं, मागचंपुढचं. वर नाव नसायचं. मी वाचायचे आणि तुम्ही तपासायचात. रविवारी, दुपारी. त्याच्या पवनचक्कीपाशी माझा आवाज अडकला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘इथे पूर्णविराम आहे ना?’ शेवटचा गठ्ठा तुम्ही छापखान्यातच केलात. मला शेवट कळलाच नाही. विचारलं, अहो, तो राहतो की जातो? तर म्हणालात, बघून सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंत, ‘शेवटी उद्गारचिन्ह आहे.’ म्हणून मी वाचनालयातून आणलं."

आधी पाववाला हसला, मग सगळेच. डॉक्टर तर हातातला चष्मा पुसायला लागले. काकांना हसू आलं नाही. त्यांना त्या क्षणी कोटाखाली थंडी वाजली. गल्लीसमोर अब्रू गेली याचं त्यांना दुःख नव्हतं. ती, ते पाव आणायला गेले त्या पहिल्या सकाळीच गेली होती. पण एवढे दिवस ते ज्याच्यावर जळत होते तो घोडेस्वार बाहेरून कोणी आणला नव्हता. तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर, बायकोच्याच आवाजात आला होता, आणि समोर बसून त्यांनी त्याच्या मात्रा मोजल्या होत्या.

"मग एकविसाव्यात चुका का राहिल्या?" हे मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. निवृत्त झाल्या तरी त्यांना उत्तर अर्धवट सोडवत नाही. "बाकी सगळं स्वच्छ तपासलं, मग तिथेच काय झालं?"

काकांनी पुस्तकाकडे पाहिलं. एकविसाव्या प्रकरणात ती विधवा घोडेस्वाराला सांगते की नवरा गेल्यापासून तिला तिच्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. कळपाची मालकीण म्हणतात, अमक्याची बायको म्हणतात. स्वतःचं नाव कानांवर पडलं तर ते आपलं आहे हे तरी ओळखू येईल का, असं ती विचारते. काकांनी हे परवा वाचलं होतं, खिशात हात घालून. पण आता त्यांना त्यातला एकही शब्द आठवत नव्हता. त्यांना दुपार आठवली. काकू वाचत होत्या. ‘माझ्या नावाने, स्वल्पविराम,’ असं म्हणून त्या थांबल्या होत्या. चष्मा नाकावरून खाली आला होता आणि तो वर करायचं त्यांना सुचलं नव्हतं. मग त्या तशाच पुढे वाचत गेल्या आणि विरामचिन्हं सांगायची विसरल्या. काकांनीही ती मागितली नाहीत. प्रकरण संपलं तेव्हा त्यांच्या हातातली पेन्सिल हवेत होती. आपल्याला डुलकी लागली असावी, असं त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

"मी तपासत नव्हतो," काका म्हणाले. "मी... हिच्याकडे बघत होतो."

आता कोणी हसलं नाही. शिंपी जमिनीकडे बघायला लागला.

"माझ्या लक्षात आहे," काकू म्हणाल्या. "तेवढ्या एका दिवशी तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"अगं," काका म्हणाले, आणि थांबले. इतकी वर्षं ‘अगं’ होतं, ‘ऐकलंस का’ होतं, पाहुण्यांसमोर ‘ही’ होतं. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, घसा साफ केला आणि बायकोला तिच्या नावाने हाक मारली.

काकूंनी चटकन ओ दिली नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, जसं काही त्या नावाची दुसरी कोणी बाई मागे बसली आहे. मग त्या म्हणाल्या, "काय हो?"

काय, ते काकांनाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "काही नाही. सहज."

सभेचा निकाल काहीच लागला नाही. पुस्तक चांगलं की वाईट यावर डॉक्टर आणि पाववाला दार लावेपर्यंत भांडत होते. घोडी आणि पीठ, दोन्ही बाजू आपापल्या जागी भक्कम राहिल्या. काका कोट हातावर टाकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाव आणायला गेले. ग्रंथपालबाई नुकताच खडू झटकून आत गेल्या होत्या. काकूंचं मत फळ्यावर होतं तिथेच होतं; काकू येऊन गेल्या होत्या, पण त्यांनी पुसलं नव्हतं. फक्त शेवटी भर घातली होती. ‘...असा माणूस मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. एकवीसावं प्रकरण सोडून.’ आणि खाली आधी जिथे ‘प्रूफकाकांच्या सौ.’ होतं तिथे आता नुसतं एक नाव होतं. काकूंचं. स्वतःचं.

काका पाव हातात धरून फळ्यासमोर उभे राहिले. घोडेस्वाराबद्दल त्यांच्या मनात अजूनही थोडं होतं, नाही असं नाही. एकच प्रकरण आपल्या वाट्याला आणि बाकीचं सगळं पुस्तक त्याच्या, ही काही बरोबरीची वाटणी नव्हे. पण ते उभे राहिले, मागची रांग खोळंबली तरी उभे राहिले, आणि ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

थोड्या वेळाने मुख्याध्यापिकाबाई पाव घ्यायला आल्या. त्यांनी चष्मा सावरला, फळा वाचला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही इथे उभे असून हे असं? ‘एकविसावं’ची वेलांटी चुकलीये की ग्रंथपालबाईंची."

"कुठे?" काका म्हणाले.